कालिड्राला वीर सापडला

कालिड्रा नगरात तसं काही कमी नव्हतं. देऊळ होतं, त्याच्या सहापैकी पाच खांब सरळ उभे होते. चौक होता, चौकात सभा भरायची, आणि सभेत ऐकणाऱ्यांपेक्षा बोलणारेच दोनचार जास्त निघायचे. किसॉस नावाची नदी होती. उन्हाळ्यात ती दिसत नसे, पण ती आहे यावर सगळ्यांचा विश्वास होता. नव्हता तो फक्त वीर.

वीर म्हणजे पुरलेला वीर. ट्रॉयच्या लढाईला गेलेला, नाहीतर एखादा राक्षस मारलेला, देवाचा मुलगा किंवा गेलाबाजार नातू, आणि आता गावच्या मातीत पडून गावाची राखण करणारा. शेजारच्या ओनियात असा एक होता. त्याच्या थडग्यावर दगडी सिंह बसवला होता. तो बराचसा कुत्र्यासारखा दिसे, पण ओनियाचे लोक इतक्या ठामपणे त्याला सिंह म्हणत, की परगावचा माणूसही दोन पावलं लांबूनच जाई.

याचा त्रास वर्षातून एकदा व्हायचा. हेरादेवीच्या जत्रेला सात नगरांची मिरवणूक निघे. ज्यांचे वीर आहेत ती सहा नगरं पुढे, मग बळी द्यायची गुरं, आणि गुरांच्या मागे कालिड्रा. शंभर गुरं डोंगराची वाट चढून गेल्यावर त्यांच्या मागून पांढरे कपडे घालून, डोक्यावर फुलं माळून, स्तोत्रं म्हणत चालणं काही सोपं नसतं. फानियास दरवर्षी अनवाणी जायचा. चपला धुण्यापेक्षा पाय धुणं बरं, असं त्याचं म्हणणं.

हा फानियास पन्नाशी उलटलेला शेतकरी होता. ओढ्याकाठी एक लांबट शेत, बांधावर ऑलिव्हची झाडं, घरात बायको क्लीतो. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. सभेत तो एकदाही बोलला नव्हता. ठरावाला हात वर करायचा, तोही शेजाऱ्याचा वर गेलेला पाहून.

त्या वर्षी जत्रेत ओनियाच्या एका टोळक्यानं मागे वळून हाक मारली, "काय हो कालिड्राकर, तुमच्या मातीत कोण पुरलंय? कांदे?"

मिरवणुकीतली पुढची सहाच्या सहा नगरं हसली. देवीची पुजारीणही हसली, असं काही जणांनी शपथेवर सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी कालिड्रात सभा भरली. थ्रासॉन उभा राहिला. थ्रासॉनकडे मेंढ्या होत्या, मळा होता आणि दोन्हीकडे बघायला माणसं होती, त्यामुळे त्याच्याकडे वेळ होता. आणि तो सगळा वेळ त्यानं बोलण्यात घातला होता.

"कालिड्राच्या नागरिकांनो!" तो गरजला. "कांदे म्हणाले आपल्याला!"

"नाही, कांदे पुरलेत म्हणाले," मागून कुणीतरी दुरुस्ती केली.

"तेच ते! मी विचारतो, आपल्या पूर्वजांत एकही वीर नव्हता? असणारच. फक्त कुठे ठेवलाय ते आपण विसरलो."

तिघांना डेल्फीला, देवाचा कौल घ्यायला पाठवायचं ठरलं. ते नऊ दिवसांनी परतले. उन्हानं रापलेले होते आणि देवाचं उत्तर तिघांनी तोंडपाठ केलं होतं: "ज्याच्या घामाचं तुम्ही जेवलात, तो तुमच्याच मातीत झोपला आहे."

या वाक्याचा अर्थ लावण्यात सभेचे तीन दिवस गेले. शेवटी थ्रासॉननं तो लावला. "घाम म्हणजे रक्त. रक्त म्हणजे युद्ध. आणि जेवण म्हणजे स्वातंत्र्य. याहून स्पष्ट देवानं काय बोलायचं?"

मग खणणं सुरू झालं. वीर शेजाऱ्याच्या शेतात असणार, असं प्रत्येकाला आतून वाटत होतं. त्यामुळे जो तो कुदळ घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत शिरला. चार दिवसांत गावाभोवती इतके खड्डे झाले की शेळ्या दावणीलाच बांधून ठेवाव्या लागल्या. पाचव्या दिवशी सकाळी फानियास कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडत होता, तेव्हा त्याच्याच शेताच्या टोकाला, ओकच्या झाडाखाली आरडाओरडा झाला.

फानियासच्या हातातलं मडकं खाली पडलं. ओकच्या झाडाखाली काय आहे हे दोनच माणसांना ठाऊक होतं. तो आणि क्लीतो.

तिथे लाम्पोस होता.

लाम्पोस फानियासचा बैल. तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. सोळा वर्षं त्यानं ते शेत नांगरलं. दुष्काळात फानियासच्या शेजारी उभा राहून त्यानंही कोरडा पाला चघळला, आणि पुढल्या पावसाळ्यात काही न बोलता पुन्हा जू मानेवर घेतलं. एक दिवस तो बसला तो उठलाच नाही. रीतीप्रमाणे खाटकाला बोलवायचं, कातडं सोलायचं, मांस वाटायचं. फानियासनं सुरी काढली, आणि परत ठेवली. दोघा नवराबायकोंनी दोन दिवस खणून त्याला कातड्यासकट पुरलं आणि गावाला सांगितलं की डोंगरापलीकडच्या बाजारात विकला. ज्या गावात मांस सणावारी, तेही चार घास वाट्याला येतं, तिथं आख्खा बैल मातीत घातला हे कळलं असतं, तर फानियासला पुन्हा चौकात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. याला आता अकरा वर्षं झाली होती.

तो धावत पोचला तेव्हा मांडीचं हाड वर आलं होतं. भलंमोठं. लोक तोंडाला हात लावून बघत होते.

"बाप रे! केवढा माणूस असेल!"

"आठ हात तरी."

मग खांद्याचं हाड आलं, मग बरगड्या. मग कुदळ कशाला तरी लागली, माती बाजूला सारली, आणि कवटी दिसली. दोन्ही शिंगांसकट.

कालिड्रात बैल न ओळखणारा माणूस नव्हता. आंधळ्या म्हाताऱ्यानंही तो वासावरून ओळखला असता. कुणी कुणाकडे बघेना. तेवढ्यात थ्रासॉन आला. त्यानं खड्ड्यात बघितलं. एक क्षण त्याचाही चेहरा पडला. पण एकच क्षण.

"शिंगं," तो हळूच म्हणाला. मग मोठ्यानं, "शिंगं! अरे, नदीच्या देवाला काय असतं डोक्यावर? प्रत्येक रांजणावर चित्र काढता ना? मग त्याच्या मुलाला काय असणार? हा किसॉसचा मुलगा आहे!"

लोकांनी इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. मुलगा बापावर जाणारच, हे सगळ्यांना पटलं.

त्याच दुपारी सभा भरली. हाडं जांभळ्या चादरीवर मांडली होती. ठराव एका ओळीचा होता: सदर हाडं वीराची आहेत. हात वर जाणार, एवढ्यात बातॉन खाटीक पुढे आला. देवळातले बळी तोच कापायचा, बापापासूनचा धंदा. त्यानं मांडीचं हाड उचललं, उलटंसुलटं केलं.

"हा मागचा डावा पाय," तो म्हणाला. "बैल आहे. म्हातारा. गुडघ्यात वात होता त्याच्या."

"बातॉन, तुझ्या बायकोचं माहेर कुठलं रे?" थ्रासॉननं गोड आवाजात विचारलं.

"ओनिया. का?"

सभेत कुजबुज झाली. "तरीच," कुणी म्हणालं. "घरभेदी," दुसरा म्हणाला.

"माझ्या बायकोचा या तंगडीशी काय संबंध?" बातॉन ओरडला. "तीस वर्षं हेच करतोय मी! आंद्रोक्लेसकाका, तुमच्या गोठ्यात पाच बैल आहेत, तुम्ही सांगा की!"

आंद्रोक्लेसकाकांनी आकाशाकडे बघितलं. ऊन फार झालंय म्हणाले.

फानियास मागच्या रांगेत बसला होता. चादरीवरची कवटी तो बघत होता. ज्याच्या घामाचं तुम्ही जेवलात. देव खोटं बोलला नव्हता. सोळा वर्षं या गावानं जे सातू खाल्ले, त्यातले बरेच याच मानेनं पिकवले होते. आता त्याला लोक हाताळत होते, बोटांनी मापत होते. फानियास उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो बोलायच्या दगडावर चढला.

"तो लाम्पोस आहे," तो म्हणाला.

"काय म्हणालास?" थ्रासॉननं विचारलं.

"लाम्पोस. त्याचं नाव लाम्पोस."

"ऐकलंत?" थ्रासॉननं दोन्ही हात वर केले. "वीरानं आपलं नाव सांगितलं! या साध्या भोळ्या माणसाच्या तोंडून!"

"अहो, सांगितलं कुठे? मीच ठेवलं ते नाव. मी पुरलंय त्याला. मी आणि माझ्या बायकोनं, या हातांनी."

"म्हणजे याच्या घराण्यानं," थ्रासॉन सभेकडे वळला. "पिढ्यान्‌पिढ्या याचं घराणं थडगं राखत आलं, आणि एका शब्दानं कुठे बोललं नाही! याला म्हणतात निष्ठा!"

"निष्ठा नाही हो, बैल! माझा नांगराचा बैल!"

"हो, नांगराचाच," थ्रासॉन डोळे पुसत म्हणाला. "बैलाच्या रूपात त्यानं या मातीची सेवा केली. देवांचा राजा झ्यूसही एकदा बैल झालाच होता की."

यावर टाळ्यांचा असा गजर झाला, की फानियास पुढे काय बोलला ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. ठराव मंजूर झाला. विरोधात एकच हात होता, बातॉनचा. दुसऱ्या ठरावानं फानियासला वीर लाम्पोसचा वंशपरंपरागत पुजारी नेमण्यात आलं. वीराला काय हवं, काय नको, ते फक्त पुजाऱ्याला कळेल, असंही त्यात लिहिलं. कारण ओनियाच्या ठरावात तसं होतं.

घरी क्लीतो काळीनिळी झाली होती, काळजीनं. "अहो, सांगितलंत का खरं?"

"सांगितलं."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या."

तिनं त्याच्या अंगावरचं पुजाऱ्याचं लांब पांढरं वस्त्र, डोक्यावरची लोकरीची फीत बघितली. मग ती खाली बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नंतर ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. "जाऊ दे," ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "निदान आता त्याच्या डोक्यावर चांगला दगड तरी येईल. तुम्हाला त्या वेळी धड धोंडाही ठेवता आला नाही."

दगड आला. हाडं पुन्हा ओकखाली पुरली, वर खरा कोरीव दगड, शेजारी वेदी, आणि भोवती सरूची रोपं. वर्षाच्या आत पहिला उत्सव ठरला आणि सहाही नगरांना आमंत्रणं गेली. उत्सवाला मुख्य बळी कोणता द्यायचा, यावर मात्र वाद झाला नाही. एवढ्या मोठ्या वीराला बैलच हवा.

सकाळपासून चुली धगधगत होत्या. कढईत पाणी उकळत होतं. लोक घरून न जेवता आले होते, काही तर आदल्या दिवसापासून. ओनियाची माणसं पहिल्या रांगेत पाय पसरून बसली होती. शिंगांना सोनेरी मुलामा दिलेला एक तरुण बैल आणला गेला. रीत अशी की पुजाऱ्यानं बैलाच्या डोक्यावर पाणी शिंपडायचं. बैलानं मान हलवली की त्याला मरण कबूल आहे असं समजायचं. अंगावर पाणी पडल्यावर मान न हलवणारा बैल अजून जन्मायचा होता, त्यामुळे ही संमती कधी अडत नसे.

फानियासनं ओंजळीत पाणी घेतलं. समोर तांबूस बैल होता, जेमतेम तीन वर्षांचा. त्यानं नाक पुढे केलं आणि पुजाऱ्याच्या ओंजळीतलं पाणी चाटून पिऊन टाकलं.

सुरी घेऊन बातॉन बाजूला उभा होता. एका ठरावानं त्याला वीराचा खाटीक नेमलं होतं आणि प्रत्येक बळीचं कातडं त्याचं ठरलं होतं, तेव्हापासून तो गुडघ्यातल्या वाताबद्दल काही बोलत नसे.

"वीर बैल घेणार नाही," फानियास म्हणाला.

"काय?" थ्रासॉन पुढे झुकला.

"बैल चालणार नाही त्याला. सातूची भाकरी, ताजा पाला, मध. बस."

ही बातमी रांगेरांगेतून मागे गेली, आणि जसजशी गेली तसतसे लोक उभे राहिले.

"फानियास," थ्रासॉन दातांतल्या दातांत म्हणाला, "लोकांना भूक लागलीय."

"वीराला काय हवं ते पुजाऱ्यालाच कळतं. तुमचाच ठराव आहे."

"पाला?" मागून कुणी ओरडलं. "पाला खाणारा कसला वीर?"

"मला तर तेव्हाच शंका आली होती," आंद्रोक्लेसकाका म्हणाले. "शिंगं जरा जास्तच ओळखीची वाटली होती."

"आणि खुरं! पायाला खुरं होती, मी डोळ्यांनी बघितली!"

"बैलच होता तो!"

चुलीवरचं पाणी आटत गेलं तसा बैल जास्त जास्त लोकांना दिसायला लागला. वर्षभर ज्यांनी त्या दगडासमोर दारू शिंपडून नवस बोलले होते, तेच आता एकमेकांना सांगत होते की आपण मूर्ख नाही. कातडं हातचं चाललंय हे बातॉनच्या लक्षात आलं. तो दगडावर चढून ओरडला, "वीरच आहे! नदीच्या देवाचा मुलगा!"

"अरे, बैल आहे म्हणून तूच बोंबलत होतास ना?"

"तेव्हा माझा अभ्यास कमी होता!"

आणि या गोंधळात ओनियाचा मुख्य पाहुणा उठला. वयस्क, गुळगुळीत दाढीचा माणूस. त्यानं अगदी नम्रपणे विचारलं, "माफ करा, पण मिरवणुकीचा क्रम ठरवायचाय. तर तिथे नक्की कोण पुरलंय?"

सगळ्यांनी थ्रासॉनकडे बघितलं.

"वीर लाम्पोस," थ्रासॉन म्हणाला. कपाळावरचा घाम त्यानं फुलांच्या माळेनं पुसला. "किसॉसचा मुलगा. मुलगा सात्त्विक आहे, तो भाकरी खातो. बाप मात्र मांस खातो. बापाची वेदी इथून दहा पावलांवर. आजच ठरलंय."

"आजच ठरलंय!" सभा एका आवाजात म्हणाली.

लोक बैलाला दहा पावलं पुढे न्यायला लागले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं क्लीतो पुढे आली. पुजाऱ्याची बायको म्हणून तिला तेवढा मान होता.

"तो बैल कुठे नेताय?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "वीराच्या दारात आणलेला तो वीराचा झाला. त्याचं पाणी प्यायलाय तो. आता बापाला दिलेलं मुलाला चालेल का? घरात भांडणं लावायचीत का देवांच्या?"

"मग बापाला काय द्यायचं, वहिनी?" थ्रासॉन रडवेला झाला.

"मेंढे द्या की. नदीला मेंढे आवडतात."

"मेंढे कुणाचे?"

क्लीतोनं फक्त टेकडीच्या उतारावर बघितलं. तिथे थ्रासॉनचा कळप चरत होता. मग बातॉननं तिकडे बघितलं. मग आंद्रोक्लेसकाकांनी. मग सगळ्या सभेनं. कालिड्राच्या इतिहासात इतक्या लवकर ठराव कधी मंजूर झाला नव्हता, आणि त्याच्या विरोधातही या वेळी एकच हात होता. बारा मेंढे कापले. ओनियाच्या पाहुण्यांनी बोटं चाटली आणि असा मुलखावेगळा वीर आपल्या पाहण्यात नाही, असं जाहीर केलं.

पुढल्या जत्रेत कालिड्राला गुरांच्या पुढे जागा मिळाली; सात नगरांत सातवी, म्हणजे बरोब्बर गुरांच्या नाकासमोर. आता मागून शिंगं टोचत होती. पण टोचून घेण्यातही मान असतो, असं थ्रासॉननं परतल्यावर दीड तास समजावून सांगितलं.

तो तरुण बैल फानियासच्या गोठ्यात गेला. शिंगांचा मुलामा नांगरणीच्या पहिल्याच आठवड्यात उडाला.

त्यानंतरच्या शरद ऋतूत डोंगरापलीकडून एक बाई आली. थकलेली विधवा, मागे लंगडणारा बैल. नवरा गेला, हा एकच बैल उरलाय, आणि तोही पाय टेकत नाही, असं तिनं सांगितलं.

"महाराज," तिनं विचारलं, "तुमचा वीर बैलांचं ऐकतो का हो?"

"बैलांचंच ऐकतो," फानियास म्हणाला.

त्यानं बैलाचा पाय उचलून मांडीवर घेतला. खुराच्या बेचक्यात गारगोटी रुतली होती. त्यानं ती चाकूच्या टोकानं काढली, जखम दारूनं धुतली, वर मधाची पट्टी बांधली. "चार दिवस जुंपू नकोस, बाई. बरा होईल."

बाईचा चेहरा उतरला. "चार दिवस? पेरणी तोंडावर आलीय. आणि एवढ्यासाठी का मी दोन दिवस चालत आले? तुमच्या वीराला तरी विचारा."

फानियासनं तिच्याकडे बघितलं. मग उठला, लोकरीची फीत नीट बसवली, दगडापाशी जाऊन थोडा वेळ पाठमोरा उभा राहिला आणि परत आला.

"वीराची आज्ञा आहे," तो म्हणाला, "चार दिवस जुंपायचं नाही."

बाईनं लगेच जमिनीला हात लावला. "त्याचीच आज्ञा म्हटल्यावर काय," ती म्हणाली, आणि समाधानानं बैलाला घेऊन हळूहळू निघाली.

तिनं ही गोष्ट वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर सांगितली. महिन्याभरात अकरा बैल आले, दोन खेचरं आली, आणि ओनियाहून, तोंडावर कपडा घेतलेला एक माणूस गाय घेऊन आला. फानियासनं सगळ्यांचे पाय तपासले. शिवाय दर वेळी दगडापाशी जाऊन आज्ञाही आणली: भर उन्हात नांगर नको. मानेवर जखम असताना जू नको. म्हाताऱ्या बैलाला अर्धंच ओझं. याच गोष्टी फानियास तीस वर्षं शेजाऱ्यांना सांगत आला होता आणि शेजारी त्याला हसत आले होते. आता त्या मोडायची कुणाची छाती नव्हती. खुद्द थ्रासॉननं आपल्या गड्यांना तसं बजावलं, आणि गड्यांनी पहिल्यांदाच त्याचं काही ऐकलं.

फानियासनं लोहाराकडून खुरं तासायचा एक चांगला बाकदार चाकू करून घेतला. क्लीतोनं वेदीशेजारी पाण्याचं मोठं कुंड बांधून घेतलं. लांबून आलेल्या जनावराला आधी पाणी लागतं, ती म्हणाली, आणि हीदेखील वीराचीच आज्ञा आहे असं तिनं गवंड्याला सांगितलं, म्हणजे तो कुंड उथळ बांधणार नाही.